सोप्यातला टीव्ही

कोल्हापूरला पडद्याचं वेड टीव्हीनं लावलं नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच, १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनीही इथंच सुरू झाली. पण थेटरला जायचं तर घरच्या बायकांना परवानगी, सोबत आणि सबब, तिन्ही लागायच्या. टीव्ही घरात आला आणि ही कटकट मिटली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. इकडं संच दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात. ठेवायचे सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आणि सोपा पुरुषांचा. सासरे, पाहुणे, गल्लीतली पोरं पुढं. सुना माजघराच्या उंबऱ्याआड, डोक्यावर पदर. कौलांवर चढलेलं पोरगं अँटेना फिरवत ओरडायचं, "आलं काय?" खालून, "आलं, आलं... गेलं की रं!" जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' लागलं आणि रविवारी सकाळी कितीतरी घरांतल्या सुना उंबरा ओलांडून सोप्यात येऊन बसल्या. देवाधर्माला नको कोण म्हणणार?

केबल आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, तसा संध्याकाळचा रिमोट बायकांकडं गेला. पडद्यावरची सून मात्र दागिने घालून सोसतच राहिली. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हाही मालिकांत मंगळसूत्रावरून रडारड चालूच होती. टीव्हीनं गाव सुधारतं असं म्हणतात, ते म्हणूनच मला अर्धंच पटतं.

बोलीचं मात्र नशीब पालटलं. इथली भाषा पडद्यावर यायची ती बहुधा हसवायला. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि इथली बोली नायकाच्या, तेही पैलवानाच्या, तोंडी बसली. "चालतंय की" राज्यभर गेलं. मालिकेतला वसगडे गावातला वाडा बघायला लोक गाड्या करून यायचे. नेमकं त्याच्या महिनाभर आधी जिओ आलं होतं, फुकट इंटरनेट घेऊन. सोप्यातला एक पडदा हळूहळू हाताहातात वाटला गेला.

आता मालिकेचा भाग ॲपवर टीव्हीच्या आधीच येतो. सून तो स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून, भाकऱ्या थापता थापता बघून टाकते. मग सोप्यात टीव्ही लागला की सासू आधीच बजावते, "फुडं काय हुतंय ते सांगू नगंस."