जुन्या लढाऊ विमानांचा चंदेरी रंग

खिडकीच्या लोखंडी जाळीला लावलेला चंदेरी ऑइलपेंट पूर्ण वाळल्यावरही त्यावरून बोट फिरवले, तर बोटाला चमकणारी भुकटी लागते. दुसऱ्या महायुद्धातले किंवा त्याच्या आगेमागेचे विमान मूळ रूपात आणू पाहणाऱ्याला या भुकटीचा विचार फार बारकाईने करावा लागतो. लाल किंवा हिरव्या रंगातले रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. ॲल्युमिनियम मात्र दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश, आणि तोही सर्व रंगांचा जवळपास सारख्या प्रमाणात, परतवते. म्हणून चंदेरी ही खऱ्या अर्थाने छटा नाही, ती प्रकाश परतवण्याची एक रीत आहे. अमेरिकी सरकारच्या २०१७ पर्यंत लागू असलेल्या रंगमानकात १७१७८ या क्रमांकाखाली चंदेरी रंग दिलेला होता. त्यातला पहिला १ तकाकी दाखवतो, तर पुढचा ७ हा रंग नेहमीच्या रंगगटांत बसत नसल्याचे सांगतो. नमुन्याची चकती समोरून तंतोतंत जुळली, तरी तिरकस पाहताना तीच चकती काळपट आणि विमानाचा पत्रा उजळ दिसू शकतो. नुसता क्रमांक सांगून रंग मागवणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: त्या विमानाला मुळात रंग होता का? १९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला कालांतराने आपोआप कठीण होत जाणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू सापडला. त्यात सुमारे ४ टक्के तांबे असल्यामुळे तो बळकट होता, पण त्याच तांब्यामुळे तो लवकर गंजत असे. त्यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा मुलामा दाबून बसवण्याची पद्धत १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. हा थर पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के असतो, म्हणजे एक मिलिमीटर पत्र्यावर अवघा ०.०५ मिलिमीटर. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकी कारखान्यांतून बिनरंगाची विमाने बाहेर पडू लागली, तेव्हा त्यांचे रक्षण हाच थर करत होता. अशा विमानाला आरशासारखी चमक यावी म्हणून वारंवार घासणे मला चुकीचे वाटते, कारण प्रत्येक घासणीबरोबर हा रक्षक थर झिजतो, आणि युद्धकाळात छावणीवर उभ्या असलेल्या विमानांना तशी चमक नव्हतीच.

मस्टँग हे पी-५१ नावाचे अमेरिकी लढाऊ विमान याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याच्या धडाचा पत्रा उघडा होता, पण पंख रंगवलेले होते. पंखाचा आकार हवेचा प्रवाह शक्य तितका वेळ अखंड, थरांथरांत वाहत राहावा अशा बेताने घडवलेला होता, आणि रिव्हेटचे डोके किंवा पत्र्यांचा सांधा एवढ्याशा उंचवट्यानेही तो प्रवाह विस्कटू शकत होता. त्यामुळे कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट लांबी (पुट्टी) भरून बुजवत, घासून गुळगुळीत करत आणि त्यावर ॲल्युमिनियम मिसळलेले लॅकर, म्हणजे द्रावक उडून झटपट वाळणारे रोगण, फवारत. परिणामी धडावर प्रत्येक पत्र्याची चमक वेगळी दिसे, तर पंख एकसारखे, करडेपणाकडे झुकणारे आणि सांध्यांचा मागमूस नसलेले दिसत. आज उडणाऱ्या अनेक मस्टँगचे पंख धडासारखेच लखलखीत केलेले असतात, त्यावरचे रिव्हेटही मोजता येतात, आणि त्या पंखाची मूळ कल्पनाच त्यात हरवून जाते.

कापडी विमानांची गोष्ट निराळी आहे. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीने १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर ज्या वापिती विमानांनी काम सुरू केले, त्या पिढीच्या विमानांचे कापड डोप नावाच्या लुकणाने ताणून घट्ट करत आणि शेवटच्या थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळत. ही पूड शोभेपुरती नव्हती, कारण अतिनील किरणांमुळे कापड कुजू नये यासाठी तीच छत्रीचे काम करत असे. पूर्ण धातूच्या डाकोटासारख्या विमानातही शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलते भाग कापडीच होते, त्यामुळे एकाच विमानावर उघडा पत्रा आणि चंदेरी डोप शेजारी शेजारी येतात, आणि ते वेगळे दिसले तरच खरे.

आता त्या भुकटीकडे वळू. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण गोल नसून चपटे पापुद्रे असतात. ते काही मायक्रॉन रुंद आणि त्याहून कितीतरी पातळ असतात. त्यांना स्टिअरिक आम्लाचा लेप दिला, तर ते तेलकट माध्यमाला दूर सारतात, वर तरंगत येतात आणि बर्फीवरच्या वर्खासारखे पसरून कौलांप्रमाणे एकमेकांवर आडवे बसतात. जाळीवरचा रंग या प्रकारचा असतो, म्हणून तो उजळ दिसतो आणि बोटाला लागतो. दुसऱ्या प्रकारात पापुद्रे थराच्या आत विखुरलेले राहतात. तिथे चमक कमी असते, पण बोटाला काही लागत नाही. लॅकर आणि डोप यांतल्या तीव्र द्रावकांमुळे वर्ख तरंगण्याचा गुण मंदावतो, त्यामुळे जुन्या विमानांवरचा चंदेरी रंग फाटकावरच्या रंगाहून शांत, काहीसा दुधाळ दिसत असे.

मोटारींसाठी मिळणारा आजचा चंदेरी रंग इथेच दगा देतो. जुने पापुद्रे कडेला फाटलेले, लहानमोठे, मक्याच्या पोह्यांसारखे वेडेवाकडे असत आणि त्या कडांवर प्रकाश विखुरत असे. आजचे अनेक पापुद्रे नाण्यासारखे गोल व गुळगुळीत असतात, तर निर्वात पोकळीत बनवलेले काही पापुद्रे मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांहूनही पातळ असल्यामुळे जवळजवळ आरसा तयार करतात. त्यावर पारदर्शक थर चढवला की पृष्ठभाग ओला असल्यासारखा खोल दिसतो, जो १९४४ च्या एकथरी लॅकरला कधीच नव्हता. विमान उडवायचे असेल, तर टिकाऊपणासाठी पॉलियुरेथेन हा आधुनिक रंग वापरण्यात मला गैर वाटत नाही, मात्र पापुद्रा बारीक व अनियमित निवडावा आणि वरच्या थराची तकाकी उतरवावी.

पुरावा बहुधा विमानावरच सापडतो. नामपट्टीखाली किंवा एखाद्या झाकणाच्या आड जुना रंग टिकून राहतो. तो उतरत्या कडेने हळूहळू घासला की थर झाडाच्या वलयांसारखे उघडतात, आणि त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर पापुद्र्यांचा आकारही कळतो. जुने लॅकर पिवळे पडलेले असल्यामुळे दिसणारी छटा जशीच्या तशी उचलू नये. शिवाय तोच रंग जाड व ओला फवारला, तर पापुद्रे थरात वाकडेतिकडे राहून गडद दिसतात. पातळ हाताने फवारला, तर आडवे बसून उजळतात. त्यामुळे नमुना त्याच पत्र्यावर, त्याच कारागिराने, त्याच पिचकारीने करावा आणि तो एकदा उन्हात व एकदा ढगाळ आकाशाखाली, चहूबाजूंनी फिरून पाहावा. हलत्या भागांवर रंगाचा प्रत्येक थर वजन वाढवतो आणि तोल बिघडल्यास ते भाग वेगात फडफडू लागतात, म्हणून रंगकामानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासल्याशिवाय ते विमानाला जोडता येत नाहीत.