छाटणीला इंजेक्शन, काढणीला खचलेला खुबा

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की नाशिकच्या हाडांच्या दवाखान्यांत हे ऐकू येतं: "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, एवढा हंगाम निघू द्या." जांघेत ठणका असतो, मांडी घालता येत नाही. खुब्यात स्टेरॉइड गेलं की थोड्याच दिवसांत माणूस बागेत उभा राहतो. बहुतेकांचं त्यावर निभावतं. काहींचा खुबा मात्र काढणीपर्यंत खचतो. छाटणीच्या वेळी एक्स-रेत गोल दिसलेला बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं टोक, मार्चमध्ये झिजून चपटा झालेला दिसतो.

या औषधाची सुरुवात १९४८ची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी त्याच जातीचं हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

इशाराही लवकर मिळाला होता, आणि याचंच मला वाईट वाटतं. १९५८-५९ मध्येच ब्रिटनमधले चँडलर आणि त्यांचे सहकारी लिहीत होते, की वारंवार इंजेक्शन घेतलेला खुबा शार्को सांध्यासारखा उद्ध्वस्त झाला. शार्को सांधा म्हणजे संवेदना गेलेला सांधा. दुखत नाही म्हणून माणूस त्यावर भार टाकत राहतो आणि हाड चुरत जातं. हंगाम काढायला इंजेक्शन घेणाऱ्याचं अगदी हेच होऊ शकतं. शिवाय स्टेरॉइड कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, पेशींनाही मारक ठरतं, असा संशय आहे.

मग १९७० मध्ये फ्रान्समधल्या पोस्टेल आणि केरबूल यांनी झपाट्याने खुबा नष्ट करणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. वर्षभरात सांध्यातली फट २ मिलिमीटरहून जास्त कमी होणं, ही त्याची पुढे रूढ झालेली खूण. हा आजार इंजेक्शनाशिवायही होतो, विशेषतः उतारवयातल्या बायकांना. त्यामुळे दोष औषधाचा की मूळ दुखण्याचा, हा गुंता कायम राहिला.

मोजदाद झाली ती अलीकडे. २०१९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी खुब्यात किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ रुग्णांची नोंद मांडली. ३६ जणांच्या सांध्यात बिघाड दिसला, खुब्यात सुमारे १० टक्के आणि गुडघ्यात ४. २०२१ मध्ये हवाईतल्या अभ्यासात खुबा झपाट्याने नष्ट होण्याचा धोका डोस आणि इंजेक्शनांची संख्या यांबरोबर वाढताना दिसला. इंजेक्शनापासून निदानापर्यंतचा काळ सरासरी पाच महिन्यांचा, म्हणजे आपल्याकडे छाटणी ते काढणी. तरीही इंजेक्शनच कारणीभूत, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ते घ्यायला येणाऱ्याचा सांधा आधीच बिघडलेला असतो.

म्हणून दुसऱ्या इंजेक्शनाआधी नवा एक्स-रे मागावा, जुना दाखवून भागवू नये. इंजेक्शनानंतर दुखणं एकदम उसळलं, तर आधी तपासणी. आणखी एक अडचण फारशी कुणी सांगत नाही: इंजेक्शनानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन थांबायला सांगतात. जानेवारीत दुसरं इंजेक्शन घेतलं, तर खुबा खचला तरी ऑपरेशनला एप्रिल उजाडतो.