करंगळी ‘आपोआप’ वाकेनाशी होते, त्यामागची जुनी गोष्ट

आमचे मामा तारकर्लीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायचे. एकदा दोर ओढताना तळहातात टक्क झालं, दुखलं असं फारसं नाही पण रात्री जेवताना भाकरी मोडायला गेले तर करंगळीचं टोक वाकेचना, मधला सांधा मात्र नीट वाकत होता. सगळे म्हणाले नस दबली, तेल चोळा. पण ती नस नव्हतीच, टेंडन तुटलेलं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या अशा दोन असतात, टोकापर्यंत जाते ती खोलवरची, आणि मामांची तीच गेली होती.

जखम नाही काही नाही, मग तुटते कशी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९३३ मध्ये मॅकमास्टर नावाच्या अमेरिकन सर्जनने सशांवर प्रयोग केले, टेंडनला भयंकर ताण दिला तर स्नायू फाटला, टेंडन हाडापासून निसटलं, पण निरोगी टेंडन मधे तुटलं नाही, अर्धे धागे कापले तरी टिकलं! मला हे वाचून खरंच नवल वाटलं. म्हणजे मधेच तुटलं तर आधी काहीतरी बिघडलेलं असणारच. मग १९६० ला बॉइज आणि सहकाऱ्यांनी ७८ पेशंटमधली ८० तुटलेली टेंडन तपासली, बहुतेक हाडाला चिकटतात तिथून निघालेली, आणि मधेच तुटलेली पण कारण सापडतच नाही अशांनाच ‘आपोआप’ तुटलेली म्हणायचं ठरलं. १९६९ मध्ये मॅनरफेल्ट आणि नॉर्मन यांनी संधिवातात मनगटाच्या हाडाची टोकदार कड अंगठ्याचं टेंडन कशी घासून तोडते ते दाखवलं. म्हणजे जसजशी कारणं सापडत गेली तसा ‘आपोआप’चा गठ्ठा लहान होत गेला.

करंगळीचं टेंडन मनगटाजवळ हॅमेट नावाच्या छोट्या हाडाच्या आकड्याला, म्हणजे हुकासारख्या पुढे आलेल्या भागाला, वळसा घालून जातं, कप्पीवरून दोर जावा तसं. तो आकडा मोडून जुळलाच नाही तर खडबडीत कडेवर टेंडन रोज झिजतं, आणि हे मोडणं साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागतो. मामांचंही तेच झालं, साध्या एक्स-रेत सगळं नॉर्मल आणि सीटीत जुना मोडलेला आकडा. तुटलेली टोकं तोवर पार विसविशीत झाली होती, थेट शिवता येण्यासारखी नव्हती, म्हणून सर्जनने तो हाडाचा तुकडा काढला आणि करंगळीचं टेंडन शेजारच्या बोटाच्या टेंडनला जोडलं. आता अनामिका वाकवली की करंगळीचं टोकही तिच्याबरोबर वाकतं.