भारतीय टपाल तिकिटांची ओळख व दर्शनी किंमत

तिकिटावर छापलेली टपालाची रक्कम म्हणजे दर्शनी किंमत. संग्राहकांच्या बाजारातला भाव हा निराळा विषय. हाती आलेले तिकीट कधीचे हे ठरवताना चित्राआधी ही रक्कम वाचावी. चलन कळले की काळ बराचसा पक्का होतो.

३१ मार्च १९५७ पर्यंतचा हिशेब असा : १ रुपया = १६ आणे, १ आणा = ४ पैसे = १२ पै. नवशिक्यांची हमखास फसगत इथेच होते. पाचव्या आणि सहाव्या जॉर्ज या ब्रिटिश राजांच्या काही तिकिटांवर आकड्यापुढे रोमन लिपीत ‘पीएस’ अशी अक्षरे असतात. ती पैची, आजच्या पैशांची नव्हेत. ‘३ पीएस’ म्हणजे पाव आणा. १ एप्रिल १९५७ ला भारताच्या नकाशाची मालिका निघाली. तिच्यावरचे ‘एनपी’ म्हणजे नवे पैसे. दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे होत, म्हणून या मालिकेत १३ चे अडनिडे तिकीट सापडते. १९६४ मध्ये चलनातला ‘नवे’ हा शब्द गेला. पुढे तर बऱ्याच तिकिटांवर नुसताच आकडा राहिला : ‘५००’ म्हणजे पाच रुपये, ‘१५००’ म्हणजे पंधरा. ₹ हे चिन्ह दिसले तर तिकीट २०१० च्या आधीचे नाही.

गोव्यात सापडणाऱ्या पोर्तुगीज तिकिटांवर रेईस, टांगा आणि रुपिया दिसतात (१२ रेईस = १ टांगा, १६ टांगा = १ रुपिया); १९५९ पासून सेंताव्हो आणि एस्कुदो.

रक्कम, रंग, चित्र सगळे जुळूनही तिकिटे वेगळी असू शकतात. पाचव्या जॉर्जची आधीची तिकिटे लंडनला छापली जात. १९२६ पासून छपाई नाशिकला आली आणि कागदातले जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, बदलले. आधी एका तिकिटात एक तारा असे, नंतर ताऱ्यांची रांगच आली. तिकीट काळ्या तबकडीत पालथे ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले की जलचिन्ह गडद उमटते. जवळ ज्योत नको. कोऱ्या तिकिटाला पाणी लावू नये, डिंक विरघळतो. पेट्रोल डिंकाला चालते, मात्र फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापलेल्या काही तिकिटांचा रंग त्यात उतरतो.

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतले एक आण्याचे बोधिसत्त्वाचे तिकीट चुकून उलटे, आरशातल्यासारखे छापले गेले आणि १९५० मध्ये सुधारून निघाले. जोडी शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक सहसा लक्षात येत नाही.

अधिमुद्रणाने, म्हणजे तयार तिकिटावर वरून छापलेल्या मजकुराने, तिकिटाचे कामच बदलते. १९७१ मध्ये कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावर ‘निर्वासित साहाय्य’ अशा अर्थाचा मजकूर छापला गेला. ते ५ पैसे कराचे, टपालखर्चात न धरले जाणारे. पत्राला नेहमीचे तिकीट वेगळे लागे. ‘सर्व्हिस’ हा शब्द सरकारी टपालासाठीचा. १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटावर तो असेल तर ते अतिदुर्मीळ, आणि म्हणूनच साध्या तिकिटावर हा शब्द उठवून केलेल्या नकला फिरतात. वापरलेले तिकीट असेल तर भिंगाखाली शाईचा थर पाहावा. अधिमुद्रण टपालाच्या शिक्क्याच्या वर बसलेले दिसले तर ते मागाहून मारलेले आहे.