सायबेरियन क्रौंच

सायबेरियन क्रौंच (शास्त्रीय नाव : ल्यूकोजेरॅनस ल्यूकोजेरॅनस) हा क्रौंच कुलातील अतिसंकटग्रस्त पाणपक्षी. प्रजनन रशियाच्या उत्तर भागातील दलदलीत, हिवाळा मुख्यतः चीनमध्ये. भारतात तो राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात येत असे. २००१-०२च्या हिवाळ्यात आलेल्या जोडीनंतर तिथे त्याची खात्रीलायक नोंद नाही.

पूर्ण वाढलेला पक्षी सुमारे १४० सेंमी. उंच, अंगाने शुभ्र पांढरा. चेहऱ्यावर पिसे नसलेली लाल कातडी, डोळे पिवळे, पाय गुलाबी-लाल. पंखांच्या टोकाची मोठी पिसे काळी असतात, पण पक्षी उभा असताना ती झाकलेली राहतात. पिल्ले दालचिनी रंगाची. आवाज इतर क्रौंचांसारखा कर्कश नसून बासरीच्या सुरासारखा. मादी बहुधा दोन अंडी घालते, मात्र सहसा एकच पिल्लू जगते. आयुष्य दीर्घ : अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनमध्ये ठेवलेला ‘वुल्फ’ नावाचा नर ऐंशीहून अधिक वर्षे जगला.

सर्व क्रौंचांमध्ये पाण्याला सर्वाधिक बांधलेली हीच जाती. लांब, करवती कडांच्या चोचीने ती उथळ पाण्याच्या चिखलातून वनस्पतींचे कंद उकरते. पाणी खोल झाले तर कंद चोचीच्या टप्प्याबाहेर जातात आणि आटले तर चिखल घट्ट होतो. चीनमधील पोयांग सरोवरात २०१०च्या उन्हाळी पुरानंतर कंदांचे पीक बुडाले, तेव्हा हे पक्षी एरवी टाळत असलेल्या गवताळ कुरणांवर उतरले. पुढे भातशेती आणि कमळांच्या शेतांतही दिसू लागले. ईशान्य रशियातील याकुतियात प्रजनन करून सुमारे ५,००० किमी. प्रवासाने पोयांगला येणारे हे पूर्वेकडचे काही हजार पक्षी म्हणजे आज जवळजवळ संपूर्ण जातीच आहे. एका सरोवराच्या पाणीपातळीवर एवढे अवलंबून असणे हाच तिच्यापुढचा मोठा धोका.

भारतात येणारा गट वेगळा होता. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातील कुनोवात परिसरातून निघून कझाकस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे तो भरतपूरला पोहोचे. अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवर त्याच्या विसाव्याचे ठिकाण. जहांगीराच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याने या पक्ष्याचे नेमके चित्र काढले होते. पल्लास या शास्त्रज्ञाने १७७३मध्ये जातीचे शास्त्रीय वर्णन केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. जुन्या नोंदी गुजरात, दिल्ली परिसर आणि बिहारपर्यंत सापडतात. पुढे उरले एकटे भरतपूर. तिथे १९६४-६५मध्ये सुमारे २०० पक्षी होते. १९९३-९४ आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात एकही आला नाही, १९९६मध्ये चार दिसले आणि काही वर्षांत तेही थांबले.

या ऱ्हासाचे मुख्य कारण वाटेवरची शिकार मानले जाते. पाकिस्तानच्या वायव्य भागात वजन बांधलेली दोरी भिरकावून क्रौंच जिवंत पकडण्याची जुनी पद्धत आहे, आणि अफगाणिस्तानात दीर्घ युद्धकाळात संरक्षण कोसळले. केवलादेव घना उद्यानातील परिस्थितीही पूर्ण निर्दोष नव्हती. १९८२मध्ये उद्यानात गुरे चारण्यावर बंदी आली, त्यावरून झालेल्या संघर्षात पोलीस गोळीबारात गावकरी मारले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून मात्र दिसले, की म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम गवत माजून उथळ पाणी झाकले जाते. ज्या पक्ष्यांसाठी बंदी, त्यांचीच मोकळी जागा आक्रसली. तरीही क्रौंच न येण्याचे खापर सर्वस्वी या गवतावर फोडणे योग्य नाही. ते वाटेतच कमी होत होते.

गेलेला गट परत आणणे कठीण, कारण स्थलांतराची वाट पिल्ले आईबापांबरोबर उडून शिकतात. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी १९९०च्या दशकात भरतपूरला सोडून पाहिले, पण ते जंगली पक्ष्यांबरोबर उत्तरेला गेले नाहीत. २०१२मध्ये रशियात मोटार बसवलेल्या हँगग्लायडरमागे पिल्लांना उडवण्याच्या प्रयोगात खुद्द राष्ट्राध्यक्ष पुतिन वैमानिक झाले. प्रसिद्धी भरपूर मिळाली, नवी वाट काही रुजली नाही. पश्चिमेकडचा गटही जवळपास संपला आहे. इराणमध्ये कॅस्पियन किनाऱ्यावरील फेरेदुनकनार येथे ‘ओमीद’ नावाचा नर वर्षानुवर्षे एकटाच येत राहिला. २०२३मध्ये त्याच्यासाठी बेल्जियममधून मादी आणली गेली.

नेहमीच्या प्रदेशाबाहेर एखादा पक्षी क्वचित भरकटतो. तैवानमध्ये डिसेंबर २०१४मध्ये आलेले पिल्लू ही त्या बेटावरची पहिली नोंद. ते जिनशानच्या शेतांत दीर्घकाळ राहिले. जपानमध्येही असे एकाकी पक्षी अधूनमधून दिसतात.

भारतातून येणाऱ्या ‘दिसला’ अशा बातम्या जपून वाचाव्या लागतात. मराठी वृत्तपत्रांत हिवाळी पाहुण्यांना, अगदी कुरव (सीगल) पक्ष्यांनाही, सरसकट ‘सायबेरियन’ म्हणण्याची सवय आहे. खरी गल्लत होते ती पांढऱ्या करकोच्याशी, म्हणजे व्हाइट स्टॉर्कशी. उडताना त्याच्या पंखाची मागची संपूर्ण कड काळी दिसते, तर सायबेरियन क्रौंचाची फक्त टोके. चोचीभोवतीची लाल कातडीही करकोच्याला नसते. त्यामुळे पसरलेल्या पंखांचे आणि चेहऱ्याचे स्पष्ट छायाचित्र नसेल, तर अशी नोंद ग्राह्य धरू नये.