तंबूतलं नाव, मशिदीतलं नाव

उत्तर नायजरच्या आयर डोंगरात, अगादेझच्या आसपास, तुआरेग या सहारातल्या मुसलमान लोकांच्या घरात मूल जन्मलं की आठवड्याने नाव ठेवतात. तिकडच्या फ्रेंच बोलण्यात या समारंभाला सर्रास ‘बाप्तेम’, म्हणजे बाप्तिस्मा, म्हणतात. मुसलमान घरात बाप्तिस्मा कुठून आला, हा प्रश्न बाजूला ठेवू. खरी अडचण अशी की त्या एका शब्दाखाली दोन नामकरणं झाकली जातात. सकाळी मशिदीपाशी पोहोचलेल्या पाहुण्याला वाटतं, आपण बारशाला वेळेवर आलो. एक नाव तर आदल्या संध्याकाळीच ठेवून झालेलं असतं.

संध्याकाळचं नाव बायकांचं. नात्यातल्या म्हाताऱ्या बाळाला उचलून आईच्या तंबूभोवती फिरवतात आणि तामाजाक या तुआरेगांच्या भाषेतलं एक नाव देतात. हे नाव गुप्त. ते तंबूपाशीच का, हे कळायला तंबू कुणाचा ते माहीत हवं. तुआरेगांत तंबू बाईचा असतो. लग्नात तिच्याकडच्या वडीलधाऱ्या बायका तो उभारतात, आणि ‘तंबू करणं’ म्हणजेच लग्न करणं. थोडक्यात, बाळ आधी आईच्या घराचं होतं. शिवाय त्याला जपायचंही असतं. ‘केल एसूफ’, म्हणजे ओसाड रानातले, एकांतातले भूत-आत्मे, नव्या जिवावर टपलेले असतात असं मानतात. म्हणून बाळ-बाळंतिणीजवळ लोखंडाची सुरी ठेवायची. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाखाली विळी-कोयता ठेवणाऱ्या आज्या होत्याच.

गुप्त नाव म्हटल्यावर मराठी माणसाला पत्रिकेतलं नावरस नाव आठवेल. पण तुलना तेवढ्यापुरतीच. नावरस नाव नक्षत्रावरून निघतं आणि ते ज्योतिषी काढून देतो. इथे ना पंचांग, ना पुरुष.

सकाळचा कार्यक्रम धर्माचा. बाळाचं जावळ काढतात. इस्लामी रिवाजात ते आहेच, ‘अकीका’, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्त दिलेला बळी, या शब्दाचा एक मूळ अर्थही जन्मतःच असलेले केस असाच सांगतात. पण आयरमधल्या बायकांच्या लेखी त्या केसांबरोबर बाळाचा भूतलोकाशी असलेला धागाही तुटतो. त्यानंतर मशिदीत वडील आणि मराबू, म्हणजे तिकडचे मौलवी, कुराणातलं अरबी नाव ठेवतात. नाव उच्चारलं जातं त्याच क्षणी मेंढ्याच्या गळ्यावर सुरी फिरते. आई तिथे नसते. बाळंतपणाच्या विटाळात मशीद वर्ज्य.

मेंढे किती, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडेल. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात मुलाला दोन बकरे, मुलीला एक. सहारातले मुसलमान बहुतेक मालिकी, आणि इमाम मालिक यांच्या मते मुलगा असो की मुलगी, जनावर एकच. मुलगी झाली म्हणून हात आखडता घेतला, असा अर्थ एका मेंढ्यावरून काढू नये.

बाहेरचे लोक मशिदीतल्या नावाला ‘खरं’ आणि तंबूतल्याला ‘अंधश्रद्धेचं’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. दोन्ही एकाच घरातली माणसं, एकाच आठवड्यात, तितक्याच गांभीर्याने करतात. एक नाव बाळाला उम्मतीत, म्हणजे मुसलमानांच्या समाजात, नेतं, दुसरं आईच्या गोतात. गेलात तर मशिदीतलं नाव खुशाल विचारा. तंबूतलं विचारू नका.

मग जेवण. मांस भाजणं-वाटणं हे ‘इनादन’ म्हणजे लोहार-कारागिरांचं काम. तेच यजमानाची स्तुती गातात, आणि त्यांचा वाटा व बक्षीस ठरलेलं. बाजरी, खजूर आणि शेळीचं चीज पाण्यात कालवून केलेलं ‘एघाजिरा’ प्यायला मिळतं. हिरवा चहा तीनदा येतो. पहिल्याच पेल्यानंतर उठू नये.

उंटांच्या शर्यती होतात आणि रात्री ‘तेंदे’. मराबूंना हा नाचगाण्याचा भाग फारसा रुचत नाही, म्हणून तो मशिदीपासून लांब. तेंदे हा ढोल म्हणजे धान्य कांडायचं लाकडी उखळ. त्यावर ओलं कातडं ताणून दोन मुसळांनी आवळतात, बायका भोवती बसून वाजवतात, पुरुष उंटावरून त्यांना फेऱ्या घालतात. कार्यक्रम संपला की कातडं काढतात, आणि उखळात पुन्हा बाजरी पडते.