दुकान कोणत्या प्लॉटवर? कॅलिफोर्नियातील गांजाविक्रीच्या स्थानिक नियमांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाने गांजावर बंदी घातली १९१३ साली. दुकान कोणत्या रस्त्यावर चालेल हा वाद मात्र १९९६च्या प्रस्ताव २१५नंतरचा. त्या सार्वमताने रुग्णांना डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा बाळगायची व लावायची मुभा दिली. दुकानांचा त्यात उल्लेखच नव्हता. २००३च्या कायद्याने रुग्णांच्या सामूहिक लागवडीला मान्यता दिली आणि तिच्याच आडोशाने दुकाने उभी राहिली. ऑकलंडने २००४मध्ये मोजून चार परवाने दिले. लॉस एंजेलिसने २००७मध्ये नव्या दुकानांना स्थगिती दिली, पण तिच्यातल्या सवलतीच्या कलमातून शेकडो दुकाने शिरली. २०१३च्या मतदानात स्थगितीआधीच्या सुमारे १३५ जुन्या दुकानांनाच अभय मिळाले.

त्याच वर्षी मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिव्हरसाइडच्या खटल्यात एकमताने निकाल दिला: वैद्यकीय गांजाच्या कायद्याने काही फौजदारी कारवाया टळतात, पण जमिनीचा वापर ठरवायचा शहराचा अधिकार जात नाही. म्हणजे शहराला अशा दुकानांवर सरसकट बंदीही घालता येते.

तरी आजच्या नकाशावरच्या बंद्यांचे मूळ शोधताना माझ्या मते एका कलमाकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. ऑक्टोबर २०१५मध्ये राज्याने वैद्यकीय गांजासाठी परवान्यांची पहिली सविस्तर चौकट मंजूर केली. तिच्या मसुद्यातला एक जुना परिच्छेद काढायचा राहून गेला. १ मार्च २०१६पर्यंत ज्या शहराचा किंवा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) लागवडीबाबत जमीन-वापराचा नियम नसेल, तिथे परवान्याचा अधिकार एकट्या राज्याकडे जाईल, असे त्यात होते. ही चूक असल्याचे विधेयक मांडणाऱ्यांनी लगेच कबूल केले. पण छापलेला कायदा तो कायदा. शहरांच्या वकिलांना दुरुस्तीच्या भरवशावर बसणे शक्य नव्हते.

त्यांचे गणित असे. नेहमीचा स्थानिक नियम अंतिम मंजुरीनंतर तीस दिवसांनी लागू होतो. त्याआधी नियोजन आयोगापुढे सुनावणी, मग शहर परिषदेत दोन वाचने. १ मार्च गाठायचा तर जानेवारी संपण्याआधी सगळे उरकायला हवे होते. नाताळच्या तोंडावर अभ्यास करून नियम लिहायला वेळ कुणाकडे होता? आधी बंदी घाला, चर्चा नंतर करू, असे ठरले. अनेक ठिकाणी लागवडीच्या ठरावातच दुकाने आणि घरपोच विक्रीही कोंबली गेली. दुरुस्तीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सही झाली तोवर ठराव होऊन गेले होते, आणि ठरलेली नंतरची चर्चा कितीतरी गावांत झालीच नाही. याची किंमत मोजली ती त्या गावांतल्या आजारी माणसांनी.

नोव्हेंबर २०१६मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करणारा प्रस्ताव ६४ सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१८पासून प्रौढांसाठी विक्री सुरू झाली. बंदीचा स्थानिक अधिकार मात्र या प्रस्तावातच शाबूत ठेवला होता. त्यामुळे 'परवाना' हा शब्द इथे फसवा आहे. राज्याचा परवाना स्थानिक नियम मोडून चालणाऱ्या धंद्याला मिळत नाही, आणि शहराची मंजुरी असली तरी राज्याच्या परवान्याशिवाय विक्री करता येत नाही.

शाळेपासूनचे अंतरही असेच. ६०० फूट हे ठरीव अंतर, पण शहराला ते बदलता येते. ते शाळेच्या हद्दीपासून दुकानाच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत मोजतात; मधल्या इमारती हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे दुकानाचे दार शाळेपासून कितीही लांब असले तरी प्लॉटचा मागचा कोपरा रेषेच्या आत आला की अर्ज बाद.

घरपोच विक्रीवरून पुन्हा ठिणगी पडली. परवानाधारकाला राज्यात कुठेही माल पोचवता येईल, असा नियम राज्याने जानेवारी २०१९मध्ये केला. दोन डझन शहरे आणि एक काउंटी फ्रेस्नोच्या न्यायालयात गेली. या नियमामुळे स्थानिक बंदी रद्द होत नाही, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये स्पष्ट केले.

२०२२च्या कायद्याने यातून एक वाट काढली. १ जानेवारी २०२४पासून वैद्यकीय गांजा रुग्णाच्या घरी पोचवण्यावर कोणत्याही शहराला बंदी घालता येत नाही. दुकानाला नाही म्हणायचा हक्क मात्र शहरांकडेच आहे, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांत व काउंट्यांत किरकोळ विक्रीला अजूनही परवानगी नाही.